आधी सांगा, ही खाते काय?

माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं. जीवशास्त्राशी असलेला संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, या समजात मी बरीच वर्षं सुखात होते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली, मुलाखतीला गेले, आणि सरांनी एवढंच विचारलं, “कोडिंग येतं ना?” येतं म्हटलं. “मग झालं. बायॉलॉजी काय, येईल हळूहळू.”

हळूहळू वगैरे काही नाही. रुजू झाले त्याच दिवशी समोर एक फाइल येऊन पडली. नाव ‘कोनस’. आत ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, ना मध्ये जागा ना विरामचिन्ह. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एकेक अगम्य नाव: जी-वन, एम-वन, एम-सेव्हन-ए, पी-सेव्हन-ए. शेजारच्या टेबलावर पीएचडी करणारी एक मुलगी बसते. ती लॅबमध्ये सगळ्यांचीच ताई. तिला विचारलं, “ताई, हे काय आहे?”

“विष,” ती मान वर न करता म्हणाली. “गोगलगायीचं.”

गोगलगाय म्हटलं की पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर चिकट रेघ ओढत जाणारी आठवते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण तर लहानपणापासून कानावर आहे. पण ताईने त्या दिवशी जे दाखवलं, त्यापुढे पोटातले पाय परवडले. कोनस ही समुद्रातली, शंकूच्या आकाराच्या शंखात राहणारी गोगलगाय. हिच्या सातशेहून अधिक प्रजाती आहेत. बहुतेक हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास राहतात. शंखांवरची नक्षी अशी की संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. आणि सगळ्याच्या सगळ्या विषारी शिकारी. बहुतेक जणी समुद्री किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि काही चक्क मासे. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एका तरुणाने कोनस जिओग्राफसचा शंख हातात घेतला. तो त्या डंखाने गेला.

ताईने एक व्हिडिओ लावला. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची कोनस परप्युरासेन्स, मासेखाऊ. शंखाच्या टोकाकडून एक बारीक सोंड निघते आणि कसलीही घाई न करता पाण्यात चाचपत पुढे सरकते. सोंडेच्या टोकाशी एक दात धरलेला असतो. आतून पोकळ, टोकाला आकडे, म्हणजे भालाच तो. मागे विष बनवणारी लांबलचक नळी असते आणि त्या नळीच्या शेवटी विष पुढे ढकलणारा स्नायूंचा फुगा. सोंड माशाला टेकली आणि पुढच्याच क्षणी मासा ताठ. पर ताणलेले, अंगभर विजेचा झटका बसल्यागत कडक. मग सोंड मागे आली, तिच्याबरोबर दातात अडकलेला मासाही आला, आणि गोगलगायीने तोंड पसरून तो अख्खा आत घेतला. दात एकदाच वापरायचा. पुढच्या शिकारीसाठी आतल्या पिशवीत नवे तयारच असतात.

“एवढ्या सावकाश प्राण्याला एवढं जहाल विष कशाला?” मी विचारलं.

“सावकाश आहे म्हणूनच. मासा डंख घेऊन चार हात लांब गेला, तर ही त्याला गाठणार कधी?”

त्या झटक्यामागे एक विष पुरत नाही. मज्जातंतूत संदेश पुढे जातो तो सोडियम आणि पोटॅशियमच्या सूक्ष्म वाटा उघडून आणि मिटून. परप्युरासेन्सचं एक विष सोडियमची वाट मिटू देत नाही. दुसरं पोटॅशियमची वाट अडवतं. दोन्ही एकदम झालं की मज्जातंतू थांबेचनात, धडाधड संदेश सोडत राहतात आणि मासा आखडतो. त्यामागून तिसऱ्या प्रकारची विषं मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संपर्क तोडून त्याला लुळा करतात. हे सगळं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या फाइलमधली पी-सेव्हन-ए म्हणजे त्यातलीच पोटॅशियमची वाट अडवणारी. नाव अगम्य होतं तेवढं बरं होतं असं त्या क्षणी वाटलं.

नावांची किल्लीही ताईनेच दिली. पहिलं अक्षर प्रजातीचं: जी म्हणजे जिओग्राफस, एम म्हणजे मॅगस. त्यापुढचा रोमन आकडा विषाच्या सांगाड्याचा. शेवटचं अक्षर, असलंच तर, भावंडांत वेगळं ओळखू यावं म्हणून. मग तिने दोन ओळी एकीखाली एक लिहायला सांगितल्या. कोनसची विषं म्हणजे छोटी प्रथिनं, पेप्टाइडं. एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. मी लिहिलं:

जी-वन: ई सी सी एन पी ए सी जी आर एच वाय एस सी

एम-वन: जी आर सी सी एच पी ए सी जी के एन वाय एस सी

पहिलीत तेरा अक्षरं, दुसरीत चौदा. दुसरी एक घर डावीकडे सरकवली की चारही ‘सी’ बरोबर एकाखाली एक येतात. ‘सी’ म्हणजे सिस्टीन. सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि दोन सिस्टीन एकमेकांना घट्ट धरतात. पहिलं तिसऱ्याला, दुसरं चौथ्याला. त्यामुळे एवढीशी साखळी मुडपून पक्क्या आकाराची होते. हाच तो सांगाडा. बाकीच्या जागी मात्र एन समोर एच, आर समोर के, एच समोर एन. दोन्ही विषांचं काम एकच, मज्जातंतूकडून आलेला निरोप स्नायूला घेऊ न देणं.

इथवर मला समजलं असं वाटलं, म्हणून ताईने पुढची फाइल दिली. त्यात नुसतं विष नव्हतं, विष तयार होण्याआधीची अख्खी साखळी होती. जनुकावरून पेशी आधी एक लांब साखळी बनवते. तिच्या सुरुवातीला एक ‘सिग्नल’चा तुकडा असतो. ही साखळी पेशीतल्या कोणत्या वाटेने बाहेर जायची, ते तो ठरवतो. मधला तुकडा जुळणीला मदत करणारा. आणि शेपटाला खरं विष. काम झालं की पहिले दोन कापून टाकले जातात.

मी वेगवेगळ्या प्रजातींच्या साखळ्या एकाखाली एक लावल्या आणि चक्रावले. सुरुवातीचा तुकडा सगळीकडे जवळजवळ सारखा: एम जी एम आर एम एम एफ टी, आणि पुढेही तसंच. समुद्र वेगळे, प्रजाती वेगळ्या, तरी ही अक्षरं हलत नाहीत. आणि शेपटाकडे, जिथे खरं विष आहे, तिथे ‘सी’ सोडले तर सगळा गोंधळ. आम्हाला रुजू होताना जो धावता अभ्यासक्रम दिला होता, त्यात ठळक अक्षरांत एक नियम होता: जनुकाचा जो भाग महत्त्वाचा, तो उत्क्रांतीत टिकून राहतो. इथे कापून फेकायचा तुकडा जिवापाड जपलेला, आणि ज्यावर जेवण अवलंबून तो हवा तसा बदललेला.

“ताई, हे उलटं नाही का?”

“सोऱ्या बघितलायस ना?” ती म्हणाली. “सोऱ्या तोच, चकती बदलली की चकली, शेव, गाठी. सोऱ्याच बिघडला तर काहीच पडणार नाही.”

हे पटलं, पण उदाहरण पटणं आणि आकडे पटणं यांत माझ्यासाठी फरक आहे. आकडे पटवायला जी पद्धत निघाली ती बघून मला पहिल्यांदा या लॅबमध्ये घरी आल्यासारखं वाटलं. डीएनएत तीन-तीन अक्षरांचे कोडॉन असतात आणि एकेक कोडॉन एकेक अमिनो आम्लाचा. काही बदल फुकट जातात. जीजीटीचं जीजीसी झालं तरी ग्लायसिन ते ग्लायसिनच. काही बदल मात्र अंगाला लागतात. एएटीचं पहिलं अक्षर बदलून सीएटी झालं की अ‍ॅस्परजिनच्या जागी हिस्टिडिन येतं. वरच्या दोन ओळींत एन आणि एच समोरासमोर आहेत ते हेच दोघे. आता दोन्ही प्रकारचे बदल मोजायचे, कोणत्या प्रकाराला किती संधी होती त्याने भागायचं आणि दोहोंचं गुणोत्तर काढायचं. ते एकच्या आसपास आलं, तर बदलाचं कोणाला सोयरसुतक नाही. एकच्या बरंच खाली आलं, तर बिघडवणारे बदल नैसर्गिक निवडीने काढून टाकलेत. बहुतेक जनुकांत असंच दिसतं. एकच्या वर गेलं, तर बदलणाऱ्याचाच फायदा होत आलाय.

कोनसच्या विषाच्या भागात ते एकच्या वर जातं. थॉमस ड्यूडा आणि स्टीफन पालुम्बी यांनी १९९९ मध्ये कोनस अ‍ॅब्रिव्हिएटस या किडेखाऊ प्रजातीवर हे दाखवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती म्हणजे विषाच्या जनुकांच्या प्रती निघत राहतात. एक जनुक आपलं नेहमीचं काम करत राहतं आणि जास्तीची प्रत मोकळी असते. तिच्यात बदल साचतात. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात, पण एखादा नव्या निशाण्यावर बसतो. असं पुन्हा पुन्हा होऊन एकेका प्रजातीच्या विषात शंभराहून जास्त वेगवेगळी पेप्टाइडं जमतात, आणि शेजारच्या प्रजातीशी त्यांतली फारच थोडी जुळतात.

या प्रतींनी माझा पुढचा घाम काढला. सगळ्या विषांवरून वंशवृक्ष काढ, असं सरांनी सांगितलं होतं. झाड आलं. त्यात एकच प्रजाती पाच ठिकाणी, पाच वेगळ्या फांद्यांवर. जिओग्राफसचं एक विष स्वतःच्याच दुसऱ्या विषापासून दूर आणि मॅगसच्या विषाला खेटून बसलेलं. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला, झाड तेच आलं. सर येऊन बघून गेले आणि म्हणाले, “बरोबर आहे. हे गोगलगायींचं झाड नाही, जनुकांचं आहे.” जनुकाची प्रत प्रजाती वेगळ्या होण्याआधीच निघाली असेल, तर दोन्ही प्रती दोन्ही प्रजातींत जाणार. मग सख्ख्या घरातल्या दोघांपेक्षा परक्या घरातला जुळा जवळचा. नात्यांच्या बाबतीत मी मुळातच कच्ची. लग्नात कोण कोणाचं कोण हे मला आई कानात सांगते. इथे सांगायला कोणी नव्हतं, तेव्हा रंगीत पेनं घेऊन प्रत्येक फांदी रंगवली.

विष एवढं बदलतं तर ते मोडत कसं नाही, हा प्रश्न मात्र तसाच होता. उत्तराचा एक धागा सिस्टीनमध्ये आहे. सिस्टीनला दोन कोडॉन चालतात, टीजीटी आणि टीजीसी. कोणताही वापरा, प्रथिन तेच. म्हणजे निदान इथे तरी अक्षर इकडचं तिकडे व्हायला हरकत नसावी. पण इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की विषाच्या एका कुळात अमुक जागेच्या सिस्टीनला टीजीटी असेल तर बहुधा टीजीटीच राहतं, टीजीसी असेल तर टीजीसीच. आजूबाजूची अक्षरं वाहून जातात आणि हा कोडॉन जागचा हलत नाही. मी आमच्या फाइलमधले सिस्टीन पिवळे करून पाहिले. पडद्यावर वरपासून खालपर्यंत सरळ पिवळे पट्टे उभे राहिले. हे बघून मी ताईला हाक मारली, ताईने बाकीच्यांना, आणि कोणीतरी चहा सांगितला.

२०२१ मध्ये भूमध्य समुद्रातल्या कोनस व्हेंट्रिकोससचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. सुमारे साडेतीन अब्ज अक्षरं, माणसापेक्षा जास्त. गोगलगायीने आपल्याला इथेही मागे टाकलंय, हे मी घरी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, “वेगात तरी आपण पुढे आहोत ना?”

एवढं होऊनही माझ्याकडे होती ती यंत्रणा: प्रती निघतात, बदल साचतात, सांगाडा टिकतो. बदलणाऱ्याचा फायदा होतो म्हणजे नक्की कसला, हे अक्षरांत दिसत नव्हतं. ते दिसलं दोन प्रजातींच्या आहारात.

पहिली कोनस लेपर्डस. अंगाने दणकट, पण खाते एकच गोष्ट: वाळूत राहणारा एका जातीचा मऊ अ‍ॅकॉर्न किडा. तिच्या विषनळीत पाहिलं तर बहिणींच्या मानाने विषांचा पसारा अगदीच आटोपशीर. जेवणात एकच पदार्थ, तोही न पळणारा, मग मोठा शस्त्रसाठा बाळगायचा कशाला?

दुसरी कोनस मिलिआरिस, आणि ही मला जास्त आवडली. हिंदी-प्रशांत पट्ट्यात इतरत्र ती अनेक कोनसच्या गर्दीत राहते आणि मोजकेच किडे खाते. पण चिलीच्या ताब्यातल्या ईस्टर बेटाशी तिला जवळपास प्रतिस्पर्धीच नाही, म्हणून तिथे ती कितीतरी जास्त प्रकारचे किडे खाते. ड्यूडा आणि ताएहवान ली यांनी २००९ मध्ये या बेटावरच्या आणि ग्वाम, अमेरिकन सामोआ इथल्या मिलिआरिसची विषाची जनुकं ताडून पाहिली. बेटावर जनुकांच्या आवृत्त्यांचं प्रमाण वेगळं निघालं, आणि त्यात निवडीच्या खुणा होत्या. प्रजाती तीच, जेवण बदललं, विषही सरकलं. बेट एकच, म्हणजे नमुना एकाचा, अशी कुरकुर माझ्यातल्या संख्याशास्त्राने केलीच. पण लेपर्डस आणि मिलिआरिस शेजारी ठेवल्या की एक संकोचाकडे बोट दाखवते, दुसरी विस्ताराकडे, आणि बोट दोघींचंही ताटाकडेच आहे.

त्यानंतर फाइलमध्ये एक ओळ आली, तिच्या डोक्यावर नाव: इन्सुलिन. आमच्या आजीचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं. ते गोगलगायीकडे काय करतंय? कोनस जिओग्राफस तोंड जाळ्यासारखं फुगवून मासे आत घेते. हेलेना साफावी-हेमामी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की तिच्या विषात इन्सुलिन आहे. ते माशांच्या अंगातली साखर पाडतं, आणि मासे ढिले पडतात. गंमत अशी की हे इन्सुलिन गोगलगायीच्या स्वतःच्या शरीरातल्या इन्सुलिनसारखं नाही, माशांच्या इन्सुलिनसारखं आहे. किडेखाऊ आणि गोगलगायखाऊ कोनसमध्येही असं इन्सुलिन सापडलं. तिथेही ते ज्याला खायचं त्याच्याकडे झुकलेलं. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, जिओग्राफसच्या एका इन्सुलिनमध्ये ४३. सहा-सहा रेणूंचा गठ्ठा बांधायला माणसाच्या इन्सुलिनचं जे टोक लागतं, ते हिच्यात नाहीच. म्हणून ते लगेच लागू पडतं. मधुमेहासाठी झटपट काम करणारं इन्सुलिन शोधणारे या आखूड रेणूचा अभ्यास करतात.

सगळं जेवणाशीच जोडता येतं, असं वाटू लागलं तोच ताईने २०१४ चा एक निबंध पुढे सरकवला. सेबास्तियाँ द्युतेर्त्र आणि सहकाऱ्यांनी जिओग्राफसचं विष दोन तऱ्हांनी गोळा केलं, समोर मासा ठेवून आणि तिला डिवचून. दोन्ही विषं वेगळी निघाली, आणि नळीच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली. डिवचल्यावर येणाऱ्या विषात स्नायू लुळे पाडणारी पेप्टाइडं भरपूर होती. माणूस मरतो तो या विषाने. त्यांचा तर्क असा की किडेखाऊ पूर्वजांनी माशांपासून बचावासाठी विष घडवलं आणि तेच पुढे मासे मारायला कामी आलं. म्हणजे ही काय खाते यासोबत हिला कोण खायला येतं, हेही विचारायला हवं.

आपल्याकडेही हे काम झालंय, हे कळल्यावर उगाचच बरं वाटलं. मुंबईच्या टीआयएफआरमधले के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधले पी. बलराम यांच्या गटांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनसची पेप्टाइडं अभ्यासली. २००३ मध्ये कोनस अमाडिसच्या एका पेप्टाइडचा सोडियमच्या वाटेवरचा परिणाम त्यांनी प्रसिद्ध केला.

या सगळ्याचा उपयोग काय, हे आई विचारते. तिला मी एम-सेव्हन-ए सांगते. फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत शिकून मायदेशी परतले तेव्हा हाताशी महागडी उपकरणं नव्हती, पण किनाऱ्यावर कोनस होत्या. लुर्डेस क्रूझ यांच्याबरोबर त्यांनी त्यांच्या विषावर काम सुरू केलं. पुढे यूटा विद्यापीठात क्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगळे करून उंदरांच्या थेट मेंदूत टोचून पाहिले. एका घटकाने उंदीर झोपले, एकाने थरथरले. मायकल मॅकिंटॉश या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती कोनस मॅगसमधलं २५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड लागलं. ते मज्जारज्जूतल्या कॅल्शियमच्या एका वाटेला अडवतं, आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. झिकोनोटाइड या नावाने डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते अफूच्या कुळातलं नाही. मात्र पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, त्यामुळे बाकी सगळे उपाय थकल्यावरच देतात. माशाच्या मज्जातंतूंसाठी घडलेली चावी आपल्या कुलपाला लागली, कारण ती वाट दोघांच्याही अंगात जुनी आणि बरीचशी सारखी आहे.

रुजू होतानाचा तो ठळक अक्षरांतला नियम मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे पेन्सिलीने ‘समोर कोण आहे त्यावर’ एवढं लिहून ठेवलंय. सिग्नलच्या तुकड्यासमोर पेशीतली तीच ती यंत्रणा आहे, म्हणून तो टिकतो. विषासमोर दुसऱ्याचं शरीर आहे, आणि ते शरीर प्रत्येक प्रजातीगणिक वेगळं. म्हणून आता नवी फाइल आली की गुणोत्तर काढण्याआधी मी विचारते, ही खाते काय? परवा आलेल्या फाइलसोबत प्रजातीचं नाव होतं, पकडल्याची जागा होती, पाण्याची खोलीसुद्धा होती. आहाराचा रकाना रिकामा. मी ती परत पाठवली.

“स्टॅटिस्टिक्सवाली ना गं तू?” ताईने विचारलं.

“म्हणूनच,” मी म्हटलं. “आहार माहीत नसताना आलेल्या गुणोत्तराचा अर्थ लावायचा कसा?”